जाखडीचा फेर आणि ध्वनिक्षेपकाची निवड

महाड-पोलादपूरच्या ज्या डोंगरपट्ट्यात तळीये वसले आहे, त्या दक्षिण रायगडात आणि रत्नागिरी जिल्ह्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत जाखडी रंगते. शाहीर, झीलकरी व ढोलकीवाला मध्यभागी आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेल्या नर्तकांचा फेर, असे तिचे रूप आहे. शक्तिवाले व तुरेवाले यांच्या सामन्यात तर शब्द हाच निर्णायक ठरतो. सवाल नीट ऐकू आला नाही, तर जबाबाला अर्थ उरत नाही. यास्तव जाखडीसाठी ध्वनिक्षेपक निवडणे हा कलाविचाराचाच प्रश्न होय.

गायनासाठी सर्रास वापरला जाणारा, १९६६ साली आलेल्या शूअरच्या ‘एसएम ५८’सारखा ध्वनिक्षेपक समोरचा आवाज अधिक घेतो व मागचा टाळतो. गायक एका बाजूस आणि नको असलेला आवाज दुसऱ्या बाजूस, हे त्यामागील गृहीत. कर्ण्यांची दिशा सांभाळण्यास ते उपयोगी आहे. फेरात मात्र ते अपुरे पडते, कारण चाळ आणि पदन्यास यांचा नाद चहूकडून येतो. अशा नादापैकी हा ध्वनिक्षेपक सर्वदिशाग्राही ध्वनिक्षेपकाच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा घेतो. लाभ जेमतेम ५ डेसिबेलांचा. उलट तोच ध्वनिक्षेपक तोंडापासून ३० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आणला, तर गळ्याचा आवाज सुमारे १५ डेसिबेलांनी वाढतो. म्हणजे येथे दिशेपेक्षा अंतर मोलाचे. अर्थात जवळिकीने खर्ज फुगतो आणि व्यंजने बुजतात. तो खर्ज मिश्रकावर छाटलाच पाहिजे.

समोर खुंटीसारखा रोवलेला स्टँड शाहिराला फेरातून बाहेर ओढतो, त्याची मान एकाच दिशेस बांधतो. मुंबईच्या रंगमंचावर श्रोता एकाच बाजूस असल्याने हे खपून जाते. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली बंद होईपर्यंत असे कितीतरी प्रयोग तेथे झाले. अंगणात मात्र ते खपू नये. कानावर अडकवून ओठांजवळ राहणारा ध्वनिक्षेपक अंतर कायम राखतो व शाहिराला वळू देतो. निवड त्याचीच व्हावी. महाग, अतिसंवेदनशील कंडेन्सर दूर उभा केला, तर तो शब्दांआधी टाळ-चाळच उचलतो. दोष त्याच्या जातीचा नव्हे, जागेचा.

ढोलकीची गोष्ट वेगळी. तिची दोन तोंडे दोन स्वभावांची. शाईच्या बाजूस एकच ध्वनिक्षेपक लावला की धुमाचा घुमारा हरवतो आणि उरते ती नुसती टणत्कार. दोन लावणे इष्ट. एकच असेल, तर तो थोडा दूर, दोहोंच्या मध्ये धरावा. चाळांना मात्र स्वतंत्र ध्वनिक्षेपक देऊच नये. इतर ध्वनिक्षेपकांत त्यांचा जो नाद आपोआप झिरपतो तेवढा पुरेसा असतो, नव्हे, कधी जास्तच.

सामन्यात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. दोन्ही पक्षांनी एकाच जातीचा ध्वनिक्षेपक, मिश्रकाच्या त्याच मांडणीवर वापरावा. एकाचा शब्द स्वच्छ आणि दुसऱ्याचा घोगरा पोहोचला, तर श्रोते शाहिराचा नव्हे, यंत्राचा निवाडा करतात.