मराठी वाङ्मयातील प्याला

मराठी वाङ्मयात प्याला एकच आहे, आणि तो गडकऱ्यांनी भरून ठेवला आहे. त्यानंतर शंभरांवर वर्षे लोटली. रंगभूमी बदलली, कादंबरी बदलली, कविता तर ओळखू येणार नाही इतकी बदलली. परंतु आमच्या नाटकात किंवा कथेत बाटली दिसली, की पुढचे सारे वाचकाला आधीच कळते. कोणाचा तरी संसार मोडणार, कोणी तरी साध्वी जात्यावर बसणार, कोणाचे तरी मूल उपाशी निजणार. बाटलीला आमच्याकडे दुसरे काम म्हणून नाहीच. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय काढलेला काहींना रुचणार नाही हे मी जाणून आहे. पण त्या ताटाचा आणि या विषयाचा संबंध आहे. तो पुढे येईल.

‘एकच प्याला’ हे नाटक थोर आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. नाही तर पुढचे सारे बोलणे एखाद्या पिणाऱ्याने काढलेला उट्टा वाटावयाचे. गडकरी आमच्या विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो पुढच्याच महिन्यात. बालगंधर्वांची सिंधू गडकऱ्यांना पाहावयास मिळाली नाही. नाटकाचे मोठेपण कशात आहे? अनेक जण म्हणतात, दारूचे दुष्परिणाम दाखविण्यात. मला तसे वाटत नाही. दुष्परिणाम दाखविणारी नाटके पुष्कळ झाली आणि विसरली गेली. गडकऱ्यांनी सुधाकराला बुद्धिमान केले, मानी केले, आणि त्याचा मान भर न्यायालयात दुखावला. त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि ती जखम विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. म्हणजे या नाटकातला खरा खलपुरुष सुधाकराचा अहंकार होय. दारू ही त्याची दासी. सुधाकर मद्यप्याच्या अवस्था रामलालला समजावून सांगतो त्या प्रवेशात हे स्पष्ट दिसते. स्वतःच्या नाशाचे इतके बिनचूक निरूपण करणारा माणूस अडाणी नसतो.

पण एक गोष्ट पाहावी. या नाटकात चवीसाठी पिणारा माणूस एकही नाही. सुधाकर विसरण्यासाठी पितो, तळीराम पाजण्यासाठी पितो, आणि ‘आर्यमदिरामंडळा’ची ती सारी फौज फुकट मिळते म्हणून आणि वाद घालता येतो म्हणून पिते. (त्या मंडळाच्या बैठकीइतका विनोद मराठीत क्वचितच साधला असेल.) प्याल्यात काय होते, गार होते की कोमट, कशाबरोबर घेतले, हे नाटक पाहून आलेल्या कोणाच्याही ध्यानात राहत नाही. नाटककाराला त्याची गरज नव्हती. पुढच्या लेखकांनी मात्र ही त्याची गरज आपली सवय करून घेतली, आणि आमची भाषाच त्या सवयीत बसली. मराठीत दारू झोकतात, ढोसतात, रिचवतात, ती चढते, माणूस झिंगतो, तर्र होतो. क्रियापदांची ही सेना पाहिली म्हणजे वाटते, या भाषेत कोणी जाणतेपणाने, बेताने एक पेला घेतलाच नसावा. घोट आणि घुटका हे शब्द आहेत, पण ते आम्ही चहाला आणि काढ्याला देऊन बसलो.

हे सदासर्वदा असेच होते काय? नव्हते, आणि याचा पुरावा मला दूर शोधावा लागत नाही. मी ज्या जिल्ह्यात मुलांना शिकवतो, त्या जिल्ह्याचे ठाणे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली वाशीमलाच सापडलेल्या ताम्रपटाने वाकाटकांची येथील शाखा उजेडात आणली. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा मूळ पुरुष, चौथ्या शतकातला. याच सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले आहे. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला, ही त्याची कथा. काव्य लुप्त झाले. परंतु आनंदवर्धनाने त्याचा दाखला कालिदासाच्या जोडीने दिला, कुंतकाने सर्वसेनाची गणना कालिदासाबरोबर सुकुमार मार्गाच्या कवींत केली. आणि उत्तरकालीन आलंकारिकांच्या नोंदींवरून असे दिसते की त्या काव्यात नगर, ऋतू, सूर्यास्त यांच्या जोडीला मधुपानाचेही वर्णन होते. दंडीने महाकाव्यात काय काय असावे याची जी यादी दिली, तीतही उद्यानक्रीडा आणि जलक्रीडा यांच्या पंक्तीला मधुपान बसलेले आहे. आमच्या वाशीमच्या राजाने, आमच्या मराठीच्या आजीच्या भाषेत, प्याल्याचे वर्णन केले आणि त्यात त्याला लाजण्यासारखे काही वाटले नाही!

‘हरिविजय’ हाती नाही, म्हणून कालिदासाकडे वळतो. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक दोनदा पितात. कलिंगात ते नारळीचे आसव पितात आणि त्यासाठी विड्याच्या पानांचे द्रोण करतात. पुढे पारसिकांच्या मुलखात द्राक्षांच्या मळ्यांत, जमिनीवर उंची कातडी अंथरून, द्राक्षांचे मद्य पिऊन विजयाचा शीण घालवितात. किती थोडक्यात सारे आले आहे! कोणते पेय, कोणत्या पात्रात, कोठे बसून, कशानंतर. मद्य बदलले की भांडे बदलते, हे कवीने पाहिले आहे. आजच्या भाषेत ज्याला वाढण्याचे शास्त्र म्हणतात, ते याहून निराळे काय असते?

तरीही संस्कृत कवींची बाजू मी पुरती घेणार नाही. त्यांच्या पानगोष्ठीत चंद्र प्याल्यात उतरतो, युवतींचे डोळे तांबूस होतात, मान सुटतो. पण त्या प्याल्यामागे उपाशी घर कोठेच नाही. ते घर प्रथम दिसले गडकऱ्यांना. राजसभेतल्या कवीला प्याला दिसला आणि सिंधू दिसली नाही. आम्हांला सिंधू दिसली आणि प्याला दिसेनासा झाला.

मध्यंतरी एक संधी आली होती. माधव जूलियन फारसीचे जाणते. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मुळावरून १९२९ मध्ये मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ रचली. नाव तरी किती गोड! पण ही कन्या आमच्या घरी आली ती रूपक होऊन. वाचकांनी तिचा अर्थ लावला. कोणी वैराग्य काढले, कोणी सुखवाद काढला. तिला घोटभर चाखून पाहावे असे कोणाच्या मनात आले नाही. साकी आला, सुरई आली, मैफल भरली, पण पेला कोरडाच राहिला. गंमत पुढची आहे. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावला फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. कवीला बाटली मिळाली ती अशी, आणि तीही मराठी मातीतून.

तेव्हापासून द्राक्ष आमच्याकडे केवळ खाण्याचे राहिले नाही. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय झाला, आणि त्यावर जे वादळ उठले त्यात तो कागदावरच राहिला. त्या वादाकडे मी राजकारण म्हणून पाहत नाही, भाषेचा मास्तर म्हणून पाहतो. एक पक्ष म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हेच. दुसरा म्हणे, वाइन म्हणजे दारूच, आणि दारू म्हणजे सुधाकर. पहिल्याचे म्हणणे सरळ खोटे आहे. तिच्यात शेकडा १२ ते १४ भाग मद्यार्क असतो, आणि मद्याचे कोणतेच प्रमाण पुरते निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगून टाकले आहे. दुसऱ्याचे म्हणणे खोटे नसले तरी अपुरे आहे. दोघांच्याही शब्दकोशात एकच पान होते, आणि ते गडकऱ्यांच्या नाटकातून फाडलेले होते.

मी स्वतः घेतो. थोडी, आणि द्राक्षांचीच. पगारात बसेल अशी, नाशिककडची. आणि तिच्याविषयी बोलावयास लागलो की मला इंग्रजी पुस्तकांपेक्षा घरातल्या स्वयंपाकघराचा उपयोग अधिक होतो. तांबड्या वाइनचा जो गुण जिभेला आवळून धरतो, त्याला आमच्याकडे तुरट म्हणतात. जांभूळ आणि हिरवे कवठ खाल्लेल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. जुनी होऊन ती चांगली होते, त्याला शब्द आहे मुरणे. बूच नीट नसले तर ती बिघडते, त्याला वारा लागणे. लोणच्याच्या बरणीवर दादरा का बांधतात हे जिला ठाऊक आहे, त्या गृहिणीला वाइन कशी ठेवावी हे निम्मे ठाऊकच असते. हाच तो फराळाच्या ताटाचा संबंध. चिवडा सादळला, करंजीचे सारण विटले, हे ज्या जिभेला अंधारातही कळते, तिला द्राक्षरसाची परीक्षा करता येऊ नये? शब्द सारे आहेत. फक्त ते आम्ही या पेल्यापर्यंत कधी नेले नाहीत.

उरलेले निम्मे आमच्या हवामानाने शिकवावयाचे. पुस्तके सांगतात, तांबडी वाइन खोलीच्या उष्णमानात द्यावी. ही खोली युरोपातली! वाशीमच्या मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. त्या खोलीतली वाइन म्हणजे काढा. तांबडी १६ ते १८ अंशांवर, पांढरी ८ ते १० वर बरी लागते. म्हणून उन्हाळ्यात तांबडीदेखील घटकाभर शीतकपाटात ठेवून मगच ओतावी. साठवण १२ ते १५ अंशांत व्हावी असे म्हणतात. जुन्या वाड्याच्या तळघरात ती बऱ्यापैकी साधली असती, सिमेंटच्या छपराखाली साधत नाही. तेव्हा उन्हाळ्यासाठी साठा करूच नये. नाशिकच्या बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत प्यावयाच्याच असतात. त्या मुरण्याची वाट पाहणे म्हणजे कोथिंबीर मुरण्याची वाट पाहणे. उघडलेली बाटली थंडीत तीन-चार दिवस टिकते. पेला काचेचा असावा आणि तिसरा हिस्साच भरावा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. ठेच्याबरोबर तांबडी घेऊ नये, दोघांचीही चव जाते; किंचित गोडसर शेनिन ब्लाँ मात्र तिखटाला सांभाळून घेते. शिराझ या नावाने मोहून हाफिजच्या गावाची आठवण काढावयास हरकत नाही, पण ते द्राक्ष मूळचे फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठचे.

बुचाची बाटली आडवी ठेवतात, बूच ओले राहावे म्हणून. फिरकीच्या झाकणाची उभी चालते. हे लिहिताना मी थबकतो. कारण आमच्या महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’चा अर्थ निराळा आहे. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून बाया मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पहाटे उठून, कामाची मजुरी बुडवून, आडव्या बाटलीवर शिक्का मारावयास आलेल्या बाईला मी बुचाच्या ओलाव्याचे काय सांगू? गाडगेबाबांचे वडील दारूने गेले, आणि त्या मुलाने पुढे जन्मभर कीर्तनांतून दारूवर खराटा चालविला. हे वऱ्हाड त्यांचे आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, वडिलांची दारू जशी आली आहे, तिच्यापुढे माझा काचेचा पेला मला खाली ठेवावासा वाटतो. तेथे सुधाकराचा मानभंगही नाही. कष्ट आहेत आणि दारू आहे.

मग दुसऱ्या प्याल्याचा हट्ट कशासाठी? वर्गातल्या मुलांसाठी. आम्ही त्यांना शिकवतो, पहिला प्याला घेतला की शेवटचा आलाच. मुलगा मोठा होतो, शहरात जातो, मित्रांबरोबर पहिला प्याला घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धडधाकट उठून कामाला जातो. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने मला हसत सांगितले, “सर, काहीच झालं नाही हो.” त्या दिवसापासून त्याच्या लेखी गडकरी खोटे ठरले, मी खोटा ठरलो, आणि आमच्याबरोबर त्या नाटकात जे खरे होते तेही खोटे ठरले. दुखावलेल्या मानाने प्यावयास बसू नये, ही त्यातली खरी गोष्ट; ती त्याच्या कानी पोचलीच नाही, कारण आम्ही सारा दोष बाटलीत भरून ठेवला होता. चवीने पिणे आणि विसरण्यासाठी पिणे यांतला भेद दाखविणे हे वैद्याचे काम नव्हे, सरकारचेही नव्हे. ते कथेचे काम आहे, आणि आमच्या कथेने ते केलेले नाही.

मला हवी असलेली कथा फार मोठी नाही. एका घरी, सणाच्या दुसऱ्या दिवशी, भाऊ आणि मेहुणा बसले आहेत. बाटली नाशिकची. वहिनीने भरीत केले आहे. दोघे जमिनीच्या वाटणीवर बोलत आहेत आणि बोलणे कडू होऊ लागले आहे. मेहुणा तिसऱ्यांदा पेला पुढे करतो. भाऊ त्याच्याकडे पाहतो, झाकण फिरवून बंद करतो आणि बाटली दुधाच्या पातेल्याशेजारी परत ठेवून येतो. अशी कथा मराठीत कोणी लिहिली असेल, तर माझे वाचन मॅट्रिकच्या मास्तराचे, ती माझ्या नजरेतून सुटली असेल. वाचकांपैकी कोणाला भेटली असल्यास संपादकांकडे जरूर कळवावे.