अभिसरण कोन आणि क्राउनची धारणशक्ती : एका रूढ दंडकाची चिकित्सा

दंतशास्त्राच्या अध्यापनात काही आकडे इतके रूढ झाले आहेत की त्यांच्यामागील प्रयोग सहसा कोणी तपासून पाहत नाही. क्राउनसाठी दात कोरताना समोरासमोरच्या भिंतींतील अभिसरण कोन सुमारे ६ अंश असावा, हा त्यांपैकीच एक. या दंडकाच्या समर्थनार्थ योर्गेन्सेन यांचा १९५५ सालचा निबंध वारंवार पुढे केला जातो. म्हणून त्या निबंधाने काय सिद्ध केले आणि काय केले नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

योर्गेन्सेन यांनी निरनिराळ्या कोनांच्या शंकूंवर टोप्या सिमेंटने बसवून त्या अक्षाच्या दिशेने ओढून काढल्या. कोन ५ अंशांवरून १० अंशांवर जाताच धारणशक्ती जवळजवळ निम्मी झाली; पुढे ती मंदगतीने घटत गेली. याचे कारण उघड आहे. भिंती समांतर असताना सिमेंटवर मुख्यतः कर्तन-प्रेरणा पडते. उतार वाढला की ताण वाढतो, आणि झिंक फॉस्फेट सिमेंट ताणात दुबळे असते. केवळ हस्तकौशल्याचा मानला गेलेला विषय या प्रयोगाने मापनाच्या कक्षेत आणला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय.

तथापि मुखात क्राउनवर येणारा भार क्वचितच असा सरळ असतो. चर्वणाचा भार तिरपा पडतो आणि क्राउन एका कडेवर टेकून कलंडू पाहतो. त्या वेळी पलीकडच्या भिंतीने त्याला अडविले पाहिजे. हा प्रतिरोध केवळ कोनावर अवलंबून नाही. उंची व रुंदी यांच्या प्रमाणावरही आहे. पाया १० मि.मी. रुंद असल्यास, भूमितीनुसार ४ मि.मी. उंचीला सुमारे ५३ अंशांपर्यंत प्रतिरोध शिल्लक राहतो. उंची २ मि.मी. झाली की ही मर्यादा सुमारे २४ अंशांवर येते. योर्गेन्सेन यांच्या आलेखात हा विचार नाही. तो त्यांचा प्रश्नच नव्हता. दोष आहे तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावणाऱ्यांचा.

गुडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली केलेल्या समीक्षेत १० ते २० अंशांचा कोन ग्राह्य मानला, आणि त्यासोबत दाढांसाठी किमान ४ मि.मी. व इतर दातांसाठी ३ मि.मी. उंचीची अट घातली. कोनाला उंचीची जोड देणारी ही भूमिका अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ६ अंशांचा कोन नुसत्या डोळ्यांनी पारखणे दुष्कर असते. त्याच्या मागे लागल्यास भिंती उलट्या झुकून क्राउन बसेनासा होण्याचा धोका संभवतो. उलटपक्षी, आखूड दाढेचा माथा निष्काळजीपणे घासला गेला, तर कोन निर्दोष असूनही क्राउन निसटतो. तेथे भिंतींत खोबणी कोरणे हाच खरा उपाय. आजच्या रेझिन सिमेंटने धारणशक्ती वाढते खरी. पण चुकलेल्या आकाराची भरपाई सर्वस्वी चिकटपणावर सोपविणे सुरक्षित नव्हे. परीक्षकाने कोनाइतकीच उंचीही मोजली, तरच या प्रयोगाचा यथार्थ उपयोग झाला असे म्हणता येईल.