लॅटिन ‘रे’ आणि मराठी ‘पुनः’

मराठीत अलीकडे ‘पुनः’ या पूर्वपदाचा सुकाळ झाला आहे. पुनर्मीलन, पुनःस्थापना, पुनर्वसन हे शब्द कचेरीच्या टिपणीतून वृत्तपत्रांत आणि तेथून ललित लेखनातही शिरले. इंग्रजीच्या मार्गाने आलेल्या लॅटिन ‘रे’ या उपसर्गाचे ते पुष्कळदा भाषांतर असतात. भाषांतर म्हणून त्यांत दोष नाही. परंतु मूळ उपसर्ग एक गोष्ट गृहीत धरतो आणि आपण ती न तपासताच मराठीत आणतो, एवढाच आमचा आक्षेप आहे.

लॅटिनमध्ये ‘स्तातुएरे’ म्हणजे उभे करणे. ‘रेस्तितुएरे’ म्हणजे पूर्वी होते तसे पुन्हा उभे करणे. ‘कोन्किलियारे’ म्हणजे एकत्र आणणे, मने मिळवणे; ‘रेकोन्किलियारे’ म्हणजे दुरावलेली मने पुन्हा मिळवणे. ‘रे’ लागला की पूर्वी काही उभे होते, मने एक होती, अशी ग्वाही त्या शब्दातच येते. ती ग्वाही दर वेळी खरी असते काय?

रखमाबाईंच्या खटल्यात हाच प्रश्न उभा राहिला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाई दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदावयास कधी गेल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्याच्या इंग्रजी नावात ‘रेस्तितुएरे’चाच वंशज असलेला ‘रेस्टिट्यूशन’ हा शब्द होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. एकत्र राहून विभक्त झालेल्यांसाठी असलेले हे नावच या दाव्यास लागू पडत नाही, असे त्यांनी म्हटले. अपिलात तो निर्णय टिकला नाही. १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. जे कधी नव्हते ते ‘परत’ देण्याचा हुकूम एका उपसर्गाच्या आधारावर उभा होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात तो इंग्रजी शब्द अद्याप नांदत आहे.

पूर्वस्थिती खरोखर असली, तरी ती परत येतेच असे नाही. आम्ही नोकरीनिमित्त राहतो ते कुंभकोणम् एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले व तुळजाराजे कैदेत पडले. १७७६ मध्ये कंपनीच्या संचालकांच्या आज्ञेने मद्रासचे गव्हर्नर पिगट यांनी त्यांस गादीवर बसवले. इंग्रजी इतिहासकार यास ‘रेस्टोरेशन’ म्हणतात. गादी तीच होती. परंतु किल्ल्यात आता कंपनीची पलटण होती. १७९९ च्या तहाने कारभारही गेला आणि १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले. यास ‘पुनःस्थापना’ म्हणणारा मराठी लेखक कंपनीचेच म्हणणे आपल्या भाषेत लिहितो. ‘राजास गादीवर बसवले’ एवढे लिहिले असता जे घडले तेवढेच सांगितले जाते.

याच प्रांतातील आणखी एक प्रसंग पाहावा. १६७७ मध्ये शिवाजी महाराज व व्यंकोजीराजे हे सावत्र भाऊ कोल्लिडम् नदीकाठी तिरुमलवाडीस भेटले. शहाजीराजांच्या दौलतीच्या वाटणीवरून बोलणे फिसकटले, व्यंकोजी रातोरात निघून गेले, त्याच वर्षी लढाई झाली आणि मग तह झाला. बहुतेक आयुष्य एकमेकांपासून दूर काढलेल्या या भावांचे ‘पुनर्मीलन’ झाले असे कसे म्हणावे? समेट झाला, हेच खरे. समेटात पसरलेले गोळा करण्याचा भाव आहे, दिलजमाईत मने जमवण्याचा. पूर्वी काय होते याविषयी हे दोन्ही शब्द काहीच बोलत नाहीत. ते ‘रेकोन्किलियारे’पेक्षा ‘कोन्किलियारे’च्या अधिक जवळचे आहेत. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लॅटिन बायबल ‘रेकोन्किलियारे’ योजते. मराठी बायबलाने तेथे ‘समेट’ हा शब्द पत्करला, त्यास ‘पुनः’ची गरज भासली नाही.

‘पुनः’ हद्दपार करावा असे आमचे म्हणणे नाही. निलंबित कारकून निर्दोष ठरून त्याच जागी, त्याच वेतनावर परत आला, तर ती पुनःस्थापना खुशाल म्हणावी. मात्र लेखणीतून ‘पुनः’ उतरण्यापूर्वी ‘पूर्वी काय होते?’ हे विचारावे. देवळाची डागडुजी झाली की आपण जीर्णोद्धार म्हणतो. त्या शब्दात जीर्णता लपवलेली नाही. येथील तमिळ लोक त्याच कामास ‘तिरुप्पणि’, म्हणजे पवित्र सेवा, म्हणतात. दोन्ही शब्द हाती असलेल्या कामाकडे पाहतात.

बदलीच्या मुलखात राहणाऱ्या आपणांस ‘परत’ या शब्दाचा मोह अधिक. परंतु सेवानिवृत्तीनंतर आपले गाव, आपले भाऊबंद पूर्ववत् भेटतील, अशी हमी कोणताही उपसर्ग देऊ शकत नाही. तेथे पुनर्मीलनाची वाट पाहण्यापेक्षा समेटास लागणे बरे.