धुणे आणि बदलणे

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. गंमत अशी की ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यासाठी वापरतो. शेजाऱ्याची ती खोड. आपली असेल तर तिला आपण संस्कार म्हणतो, शिस्त म्हणतो, घराण्याची रीत म्हणतो. अंगात मुरलेली विचाराची सवय बदलणे इतके अवघड का, याचे निम्मे उत्तर या नामकरणातच आहे. ज्याला आपण रोग मानत नाही, त्यावर औषध कोण घेणार?

हल्ली या विषयावर पुस्तकांचा सुकाळ आहे. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पाहावे तर निम्मी पुस्तके स्वतःला कसे घडवावे हे सांगणारी. मुख्याध्यापक म्हणून पालक विचारतात, 'सर, यातले कोणते मुलाला देऊ?' त्या पुस्तकांचे सार साधारण एकच असते : मनाशी निश्चय करा, तो रोज घोका, वाईट विचार मनातून धुऊन काढा. धुऊन काढण्याची ही कल्पना मला संशयास्पद वाटते. ती का, हे सांगण्यासाठी दोन साहित्यकृती शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. एक हिंदी आहे, एक मराठी. बेळगाव-बिदरपासून बऱ्हाणपूर-बैतूलपर्यंत ज्यांच्या घरात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्या वाचकांना या शेजाराचे नवल वाटू नये.

पहिली कृती गजानन माधव मुक्तिबोध यांची 'ब्रह्मराक्षस' ही कविता. मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरचा, म्हणजे तेव्हाच्या आमच्या ग्वाल्हेर संस्थानातला. घर मराठी, लेखणी हिंदी. १९४३च्या 'तारसप्तका'त ते होते. शेवटची वर्षे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यात गेली, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते दिल्लीत वारले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा संग्रह त्याच वर्षी, पण त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. 'ब्रह्मराक्षस' त्यातलीच.

गावाबाहेरच्या पडक्या भागात एक जुनी पायविहीर आहे. भोवती औदुंबर, फांद्यांत घुबडांची सोडून दिलेली घरटी, पायऱ्या खोल गार पाण्यात बुडालेल्या. त्या पाण्यात एक ब्रह्मराक्षस राहतो. आपल्या आजीच्या गोष्टींतला हा ओळखीचा प्राणी : विद्या असून ज्याला गती मिळाली नाही असा. तो काय करतो? अंग घासतो. रात्रंदिवस हात, छाती, तोंड घासतो. मळ निघत नाही. घासता घासता मंत्र पुटपुटतो, शिव्या देतो, वेदऋचांपासून मार्क्स, रसेल, सार्त्र, गांधी यांच्यापर्यंत सगळ्यांच्या सिद्धान्तांवर नवे भाष्य करतो. विहिरीच्या भिंतीवर उन्हाची तिरीप पडली की त्याला वाटते, सूर्याने वाकून आपल्याला नमस्कार केला. चांदणे उतरले की वाटते, चंद्राने आपल्याला गुरू मानले. आतले आणि बाहेरचे अशा दोन कठीण पाट्यांमध्ये भरडून त्याचा शेवट होतो.

या कवितेवर हिंदीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक टीकाकार त्यात मध्यमवर्गीय बुद्धिवंताची शोकांतिका पाहतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र शिक्षक म्हणून त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रह्मराक्षस आळशी नाही. ढोंगीही नाही. सुधारण्याची त्याची तळमळ खरी आहे, वाचन अफाट आहे, मेहनत तर आपल्या दसपट. तरी तो तसाच राहतो. कारण त्याचा मळ म्हणजे 'मी शुद्ध, मी वेगळा' ही भावनाच आहे आणि प्रत्येक घासण्याबरोबर ती अधिक बळकट होते. सूर्याचा नमस्कार ही त्याचीच खूण. शिवाय तो एकटा आहे. विहिरीत दुसरे कोणी नाही. ज्याच्याशी वागताना आपला विचार खरा की खोटा हे कळेल, असे माणूसच तिथे नाही. म्हणजे म्हण पुरी खरी नव्हे. या गड्याची खोड मेल्यावरही गेली नाही.

आता दुसरी कृती, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्यांना शाळा मिळाली नाही. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला आणि १९३६ साली त्या गेल्या. या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत आपल्याला पुन्हा एक धुणारा माणूस भेटतो, त्यांचे वडील नाना. १८५७च्या बंडानंतर घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्या धक्क्यापासून नानांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. पाणी, लाकूडफाटा, माणसे, सगळ्यांवर विटाळाचा संशय. घरातली बायकामुले त्या धुण्याखाली पिचून गेली. विहिरीतला ब्रह्मराक्षस आणि जलालपूरचे नाना यांच्यात मला सख्खे नाते दिसते. दोघांचेही दुःख खरे आहे, आणि दोघांनीही दुःखावर एकच उपाय शोधला, धुण्याचा.

अशा घरात वाढलेली मुलगी. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे लहरी, उदार, कवी माणसाशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या, आपल्या माणसांत राहिल्या. मग नवऱ्याजवळ परतल्या, पण सोवळे बरोबर घेऊन. एकाच माणसाचा संसार आणि त्यात दोन आचार. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. असे दिवस गेल्यावर एकदा त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा भेद माणसांच्या शरीरात दिसला असता. विचार ठरला आणि लगेच कृतीत आला : यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. लक्षात घ्या, हे बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. त्यांनी दीक्षा घेतली १९०० साली. जातीची गाठ सुटली ती धर्मांतराने नव्हे, तिच्या आधीच.

इथे कोणी म्हणेल, 'मग बदल विचारानेच झाला ना? एका रात्रीच्या विचाराने! तुमचा ब्रह्मराक्षसही विचारच करत होता.' आक्षेप चांगला आहे. पण त्या रात्रीच्या मागे काय होते ते पाहावे. आपल्या सोवळ्याबाहेरची माणसे तोवर त्यांनी जवळून पाहिली होती. ती माणसे आपल्यासारखीच आजारी पडतात, हसतात, पोरांसाठी रडतात, हे डोळ्यांनी दिसले होते. जुना विचार रोजच्या अनुभवाने आधीच आतून पोखरला गेला होता. त्या रात्री तो नुसता पडला. आणि दुसरे म्हणजे विचाराला लगेच हातापायांची जोड मिळाली. पाण्याचा पेला तोंडाला लावला गेला. पुढे तर त्यांच्या घरात परक्यांची पोरे येऊन वाढली. सोवळे सोडण्यावर त्या प्रवचन देत बसल्या असत्या, तर त्याही विहिरीतच राहिल्या असत्या.

पुस्तकाची भाषा हा याचा पुरावा आहे. लक्ष्मीबाई आपल्या वेडेपणावर हसतात. आपण किती हट्टी, किती भोळ्या होतो हे त्या जशा सांगतात, तसे कोणी शेजारणीची गंमत सांगावी. या हसण्यात ना पश्चात्तापाचा आव आहे ना सुधारल्याची प्रौढी. ज्या विचारावर माणूस मोकळेपणाने हसू शकतो, तो विचार त्याला सोडून गेलेला असतो. ब्रह्मराक्षस साऱ्या कवितेत एकदाही स्वतःवर हसत नाही. साहित्याच्या कसोटीने पाहिले तर एकीकडे घुमणारी, गडद, प्रतिमांनी लगडलेली भाषा आणि दुसरीकडे ओसरीवरची बोली. हा फरक शैलीपुरता नाही. एकाच प्रश्नाच्या दोन अवस्थांचा तो फरक आहे.

म्हणून मुक्तिबोध उणे ठरतात असे मात्र कोणी समजू नये. 'स्मृतिचित्रे'त बदल घडतो, पण तो इतक्या सहज सांगितला जातो की वाचकाला तो सोपा वाटण्याचा धोका आहे. किंमत किती पडते, किती चांगली माणसे वाटेत भरडली जातात, हे मुक्तिबोध दाखवतात. आणि ते ब्रह्मराक्षसाची टर उडवत नाहीत. कवितेच्या शेवटी कवी त्याचा शिष्य होऊ इच्छितो, ओल्या अंतःकरणाने, त्याचे अपुरे काम पुरे करण्यासाठी. त्यांची 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही गोष्टही तेच सांगते : बारा वर्षे शिकवल्यावर गुरू शिष्याला आपले खरे रूप दाखवतो. विद्या कुणाला दिली नाही म्हणून तो अडकला होता, देताच सुटला. म्हणजे मुक्तिबोधांनाही सुटकेची वाट दिसली होती, आणि ती दुसऱ्या माणसातूनच जात होती.

हे सगळे आपल्याला कशाला, असे वाचक विचारील. चुलीचे सोवळे बहुतेक घरांतून गेले. पण आपल्या सरहद्दीवरच्या घरांत एक सोवळे अजून टिकून आहे, भाषेचे. नातू किल्लीला 'चाबी' म्हणाला, 'करतो आहे'ऐवजी 'करून राहिलो आहे' म्हणाला, की आम्ही वडीलधारे लगेच धुवायला बसतो. पुण्याच्या पाहुण्यासमोर त्याला हसतो. पोर दोनदा ऐकून घेते. तिसऱ्यांदा हिंदीत उत्तर देते. मग आम्हीच म्हणतो, 'मुलांना मराठीची गोडी नाही.' हे मी लष्करच्या गल्ल्यांत पाहतो आणि बेळगावकडे कानडीच्या बाबतीत वेगळे असेल असे मला वाटत नाही. धुऊन धुऊन शुद्ध केलेली भाषा शेवटी आमच्यापुरती, विहिरीच्या तळाशी उरेल.

याच सोवळ्यामुळे आपण मुक्तिबोधांनाही 'हिंदीवाल्यांचे' म्हणून बाजूला ठेवले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) मराठीत लिहिते झाले. 'नवी मळवाट', 'यात्रिक' हे कवितासंग्रह, 'क्षिप्रा'सारखी कादंबरी, आणि १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत लिहिले आणि दोन्ही भाषा श्रीमंत केल्या. त्या घरात कुणाला विटाळ झाला नाही.

तेव्हा ज्या पालकांना मुलासाठी पुस्तक हवे आहे त्यांना माझे सांगणे असे, की 'स्मृतिचित्रे' घ्या आणि रात्री जेवणानंतर दोन-दोन पाने मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. मुलगा कॉलेजात गेला असेल तर 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच्या हातात द्या. वाचताना तो अडखळेल, मराठीत हिंदी मिसळेल, चुकीच्या जागी थांबेल. त्या वेळी तेवढे आपण गप्प बसायचे. आपली एक जुनी खोड बदलण्याची सुरुवात तिथून होऊ शकते, आणि तिला निश्चयाची घोकंपट्टी लागत नाही.