वनस्पतिजन्य फ्लाव्होनॉइडे आणि ऑक्सिडीकरणाचा ताण : एका अनुमानाची चिकित्सा

कांदा, सफरचंद, चहा इत्यादी नित्याच्या आहारात आढळणाऱ्या फ्लाव्होनॉइड वर्गातील द्रव्यांविषयी गेल्या काही दशकांत विपुल संशोधन झाले आहे. त्यातील बराचसा भाग एका अनुमानावर उभा आहे. ही द्रव्ये परीक्षानळीत मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. ती दिलेले प्राणी ऑक्सिडीकरणाच्या ताणात अधिक काळ तग धरतात. म्हणून मूलके नाहीशी झाल्यामुळेच हे सामर्थ्य येते व आयुष्यही वाढते, असे ते अनुमान होय. यातील पहिल्या दोन विधानांस प्रयोगांचा आधार आहे. तिसरे मात्र त्यांतून निष्पन्न होत नाही.

वार्धक्याचे कारण मुक्त मूलकांत शोधणारा सिद्धान्त डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडला. त्याच्या परीक्षणास सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी विशेष सोयीचा ठरला. कारण त्याचे आयुष्य अवघे दोन-तीन आठवड्यांचे असून त्याची जनुके हवी तशी बदलता येतात. जर्मनीतील दोन संशोधक-गटांनी २००८ साली स्वतंत्रपणे असे दाखविले की, क्वेर्सेटिन या फ्लाव्होनॉइडामुळे या कृमीचे सरासरी आयुष्य सुमारे १५ ते २० टक्क्यांनी वाढते.

परंतु कारणाविषयी या दोन निबंधांची साक्ष एक नाही. ताणप्रतिकाराशी संबंधित जनुके जागी करणारे डीएएफ-१६ हे प्रथिन क्वेर्सेटिनमुळे पेशीकेंद्रात शिरते, असे एका गटास आढळले. दुसऱ्या गटाने या प्रथिनाचे जनुकच नसलेले कृमी घेतले, तरीही त्यांचे आयुष्य वाढले. म्हणजे प्रथिनाचे स्थलांतर घडते एवढ्यावरून तेच आयुर्वृद्धीचे कारण आहे, असे ठरत नाही. पुढे २००९ साली याच दुसऱ्या गटाने ही वाढ डीएएफ-२ व एज-१ यांसारख्या जनुकांवर अवलंबून असल्याचे दाखविले. क्वेर्सेटिन केवळ रासायनिक मार्गाने मूलके शोषून घेत असते, तर विशिष्ट जनुकांवाचून त्याचा लाभ अडण्याचे कारण नव्हते. यावरून ते पेशीच्या नियमनव्यवस्थेत हस्तक्षेप करते, हाच अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो.

ताणप्रतिकार व आयुर्मान ही एकच गोष्ट मानण्यातही धोका आहे. सुपरऑक्साइडचा नाश करणाऱ्या एंझाइमाची पाच जनुके या कृमीत आहेत. ती पाचही काढून टाकलेले कृमी ताणास अतिशय दुबळे ठरले, तथापि त्यांचे आयुष्य सामान्यच राहिले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकच, एसओडी-२ हे जनुक काढल्यास आयुष्य उलट वाढते, हे २००९ मध्येच दिसून आले होते. तेव्हा पॅराक्वाट अथवा जुग्लोन यांच्या विषारी मात्रेत कृमी किती तास जगले, यावरून त्याच्या स्वाभाविक आयुष्याविषयी निर्णय देणे युक्त नव्हे.

प्रयोगपद्धतीविषयीही दोन आक्षेप उरतात. कृमीचे खाद्य जिवंत जीवाणू असते. द्रव्याचा परिणाम प्रथम त्या जीवाणूंवर होऊन मग कृमीवर होण्याचा संभव असतो. शिवाय माध्यमात बहुधा लिटरमागे ३० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक क्वेर्सेटिन मिसळतात. मनुष्याच्या रक्तात मात्र ते मूळ रूपात जवळजवळ आढळत नाही. ग्लुकुरोनिक आम्ल वा सल्फेट यांच्याशी संयोग पावलेल्या रूपातच ते प्रामुख्याने असते. कृमीवरील निष्कर्ष मनुष्याच्या ताटापर्यंत नेताना हे अंतर विसरले जाते. उंदरांवरील अनुभवही सावधगिरीचाच आहे : अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या परीक्षण-योजनेत फ्लाव्होनॉइडयुक्त हिरव्या चहाच्या अर्काने आयुष्यात लक्षणीय वाढ झाली नाही, असे २०१३ साली नमूद झाले. खाद्यपदार्थांच्या ऑक्सिडीकरणरोधी शक्तीचे कोष्टक त्या देशाच्या कृषिखात्याने २०१२ साली मागे घेतले. त्यातील आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता व विक्रेते त्यांचा गैरवापर करीत होते.

यावरून हे संशोधन व्यर्थ ठरत नाही. एक साधे वनस्पतिद्रव्य प्राण्याच्या ताणप्रतिकाराचे नियमन बदलू शकते, ही उपलब्धी मोलाचीच आहे. मात्र यापुढील प्रयोगांत जनुकहीन कृमींशी तुलना, मृत जीवाणूंचे खाद्य, शरीरात प्रत्यक्ष पोहोचलेल्या द्रव्याचे मापन आणि त्याच्या संयुक्त रूपांचे परीक्षण यांचा समावेश अवश्य असावा. तोवर ‘ऑक्सिडीकरणरोधी’ हे विशेषण परीक्षानळीतील गुणधर्माचे वर्णन म्हणूनच वापरणे इष्ट. प्राणिदेहातील कार्याचे स्पष्टीकरण म्हणून नव्हे.