सातपुड्यावरून दिसणारं जग

मंडळी, आज आपण जॉन हॉब्सन यांच्या लेखनाकडे जरा टीकेच्या नजरेने बघू. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात एक ठरलेली कथा असते : 1648 मध्ये वेस्टफेलियाचा तह झाला, युरोपात सार्वभौम राज्ये जन्मली आणि पुढे ती जगभर पसरली. बाकीच्या जगाने फक्त घेतलं. हॉब्सन यांच्या 2004 च्या 'द ईस्टर्न ओरिजिन्स ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या ग्रंथाने ही कथा उलटी फिरवली. तंत्र, कल्पना, व्यापारी संस्था पूर्वेकडून पश्चिमेकडे गेल्या, असं ते मांडतात. ऐतिहासिक समाजशास्त्राचं हे मोठं काम आहे, आणि आपल्याला ते पटतंही.

आता हीच मांडणी नंदुरबारला लावून बघा. सुरत-बुऱ्हाणपूर हा जुना मार्ग नवापूर, नंदुरबारवरून जायचा. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. नवापूरचे विणकर आणि तिथला सुवासिक तांदूळ यांची त्याने नोंद केली. हॉब्सन यांच्या चौकटीत हे गाव अगदी चपखल बसतं.

पण रस्ता सोडून वर सातपुड्याकडे बघितलं की काय दिसतं? डोंगरातल्या भिल्ल नाईकांचा सपाटीवरच्या गावांवर 'गिरास' नावाचा हक्क असे. म्हणजे एकाच गावावर सरकारचाही हक्क आणि नाईकाचाही. अजय स्कारिया यांनी शेजारच्या डांगबद्दल 'हायब्रिड हिस्टरीज' (1999) मध्ये अशी वाटून घेतलेली सत्ता तपशिलाने दाखवली आहे. 1818 मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि हाच हक्क लूट ठरू लागला. एकीकडे पेन्शन, दुसरीकडे बंदूक. 1825 मध्ये आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली.

मॅक्स वेबर 1919 मध्ये सांगतात की ठरावीक प्रदेशात वैध बळाची मक्तेदारी ज्याच्याकडे, ते राज्य. सातपुड्यात हे वर्णन नव्हतं, तो राबवलेला कार्यक्रम होता. आमचा आक्षेप इथेच आहे. हॉब्सन युरोपला मधून उठवतात, पण त्या जागी साम्राज्यं, बंदरं आणि व्यापारी बसवतात. गिरास मागणारा नाईक तिथेही बाहेरच राहतो. केंद्र बदललं, बघायची जागा मात्र रस्त्यावरचीच राहिली.

याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. नर्मदा लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला, त्यात पक्षकार होती राज्यं. सरदार सरोवरासाठी 1985 मध्ये जागतिक बँकेने कर्ज दिलं, ते सरकारांशी करार करून. अक्कलकुव्यातलं मणिबेली, अक्राणीतली नर्मदाकाठची गावं बुडणार होती, पण ती कशातच पक्षकार नव्हती. गावं हटली नाहीत. 1992 मध्ये मोर्स समितीने पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, 1993 मध्ये उरलेलं कर्ज थांबलं, आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकायला तपासणी मंडळ नेमलं. धरण मात्र झालंच, हेही विसरू नये.

आपली पुस्तकं हा प्रसंग 'बँक आणि भारत सरकार' एवढ्यातच गुंडाळणार असतील, तर युरोप उठला काय आणि बसला काय, मणिबेलीला त्याचं काय? युरोपकेंद्री दृष्टीवरची टीका आपण जरूर घेऊ. फक्त ती डोंगर चढते का, हे आधी तपासू.