‘बेगुनाह’ या शब्दापलीकडे

तुरुंगात लिहिल्या गेलेल्या मराठी पुस्तकांचा विषय निघाला की टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आठवते. आपण आत का आहोत, हे या दोघांना पुरते ठाऊक होते. ज्याचा खटलाच वर्षानुवर्षे उभा राहत नाही, त्या कच्च्या कैद्याची कैफियत मात्र मराठीत फारशी आली नाही. म्हणून अब्दुल वाहिद शेख यांच्या ‘बेगुनाह कैदी’ (२०१७) या उर्दू पुस्तकाची दखल आम्हाला महत्त्वाची वाटते.

शेख मुंबईतले शिक्षक. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यातल्या १३ आरोपींपैकी नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, ते एकटेच निर्दोष सुटले. तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात ते स्वतःच्या दुःखापाशी थांबत नाहीत. सहआरोपींवर काय गुदरले, मारझोड करून कबुलीजबाब कसे घेतले गेले, हे ते सविस्तर सांगतात. एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्यात तो ठरतो. पुस्तकातला सारा झगडा या एका फरकाभोवती आहे.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते जबाब अविश्वसनीय ठरवले आणि उरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतल्या पाचजणांना फाशी झाली होती. एकजण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास मनाई केली. सुटलेल्यांना मात्र परत आत धाडले नाही.

पुस्तकाचे मोल आम्ही मानतो. आमची हरकत आहे ती ‘बेगुनाह’ हा शब्द आपण वाचक ज्या तऱ्हेने वापरतो तिच्याबद्दल. दहशतवादाच्या आरोपातून सुटलेल्याला आपण हा शब्द बहाल करतो. मोबाइलचोरीच्या आळाखाली आत गेलेल्या, जामीनदार न मिळालेल्या वस्तीतल्या पोराला तो देत नाही. वास्तविक गुन्हा शाबीत होईपर्यंत कायद्याच्या लेखी दोघेही बेगुनाहच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. जागा होती ४,३६,२६६ जणांची.

बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच जलद सुनावणी हा मूलभूत हक्क मानला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. पण फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ही सवलत नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असले तरीही नाही. गरिबावर एकामागून एक खटले घालणे कितीसे अवघड आहे?

सुधारणा व्हायची तर ती निर्दोषांपुरती मागून चालणार नाही. खरोखर चोरी केलेल्यालाही वेळेवर तारीख, वकील आणि परवडेल असा जामीन मिळाला पाहिजे. वाहिद शेखांनी आपल्या पाठीमागे उरलेल्या बाराजणांसाठी लेखणी झिजवली. आमच्या कथाकारांनी त्या मोबाइलवाल्या पोराची गोष्ट लिहावी, आणि त्याने मोबाइल चोरला होता की नाही, हे शेवटपर्यंत सांगू नये.